आपले घराणे कोणते?



दरवर्षी १७ डिसेंबरच्या मिस्सामध्ये संत मत्तयच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ वाचली जाते. अब्राहामापासून दावीदापर्यंत चौदा पिढ्या, तेथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा. एवढी नावे ऐकताना आपले लक्ष उडते. पण त्यांत आपल्यासाठी मोठा धडा आहे.

घराण्याची माहिती सांगताना माणूस अडचणीची नावे गाळतो. संत मत्तयने ती आवर्जून लिहिली. यरीहोची वेश्या राहाब तेथे आहे. परक्या मवाब देशातील विधवा रूथ आहे. ‘उरीयाची बायको’ या शब्दांनी तर खुद्द दावीद राजाचे पाप कायमचे नोंदले आहे. तारणाऱ्याचे कुळही निष्कलंक नव्हते.

आणि शेवटी काय होते? ‘अमक्याला अमका झाला’ अशी चालत आलेली यादी योसेफापाशी बदलते. येशू मरियेच्या पोटी जन्मला. योसेफ फक्त तिचा पती. मग येशू दावीदाच्या घराण्यात आला कसा? देवदूताच्या सांगण्यावरून योसेफाने बाळाचे नाव ठेवले, म्हणजेच त्याला आपला म्हणून स्वीकारले. दावीदाचे घराणे येशूला योसेफाच्या रक्तातून नव्हे, तर त्याच्या स्वीकारातून मिळाले.

दत्तक मुलाविषयी ‘शेवटी ते आपले रक्त नव्हे’ असे आपल्या घरांत आजही कुजबुजले जाते. वाटणीच्या वेळी तर ते उघडच बोलले जाते. असे म्हणणाऱ्याने नाझरेथच्या घराकडे पाहावे. लग्न जमवतानाही मुलीच्या स्वभावाआधी तिचे कूळ विचारले जाते. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा अनेक समाजांतून आपले वसईचे पूर्वज एकाच स्नानसंस्काराकडे आले, हे आपण विसरतो.

मग पूर्वजांना काहीच किंमत नाही का? आहे. १७३९ साली वसईतील पोर्तुगीज सत्ता गेली, तरी त्यांनी श्रद्धा सोडली नाही. ती आपल्यापर्यंत पोहोचली म्हणून २ नोव्हेंबरला आपण त्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. पण पूर्वज हे आपल्यावरचे ऋण आहे, इतरांना कमी लेखण्याचा परवाना नव्हे. आणि हे ऋण फिटते ते मागे पाहून नव्हे, तर दारी आलेल्याला आपले नाव आणि घर देऊन.

संत योसेफा, आम्हांसाठी विनंती कर.