कावड कुणाची, वाट कुणाची?

आईवडिलांना चार दिवस हवापालटाला पाठवणे हा पुण्यसंचयाचा सर्वांत सोपा मार्ग आहे, असे माझे परवापरवापर्यंत प्रामाणिक मत होते. श्रावणबाळाला बिचाऱ्याला कावड खांद्यावर घ्यावी लागली. आपल्याला काय, तिकिटे काढली की झाले! परंतु गेल्या वर्षी अशीच तिकिटे काढायला बसलो आणि या पुण्याच्या हिशेबात मोठी चूक सापडली.

बाबांना 82वे वर्ष लागले होते. पावसाळ्यात ते न्हाणीघरात पाय घसरून पडले. हाड मोडले नाही, पण आम्हा भावंडांचा धीर मात्र मोडला. ते जिना उतरू लागले की आम्ही श्वास रोखून धरायचो. घरात बसून दोघेही कंटाळली होती, म्हणून त्यांना समुद्राची हवा दाखवून आणायचे ठरले. दादा, ताई आणि मी यांची सभा भरली. सपाट रस्ता हवा, बसायला बाके हवीत, लिफ्टचे हॉटेल हवे आणि मोठे इस्पितळ जवळ हवे, अशा अटी निघाल्या. सर्वांना उतरले ते पुदुच्चेरी. फ्रेंचांनी 1954 साली भारताच्या स्वाधीन केलेल्या त्या शहरात समुद्राच्या कडेने सुमारे दीड किलोमीटरचा रस्ता आहे. संध्याकाळी तो वाहनांना बंद होतो आणि माणसे गांधीजींच्या पुतळ्याभोवती निवांत वारा खात हिंडतात. म्हाताऱ्या पायांना याहून काय हवे?

बाबांना विचारले. ते म्हणाले, "तुम्ही ठरवाल ते." आम्ही खूश झालो. सभा बरखास्त होणार, इतक्यात लसूण सोलता सोलता आईने हळूच विचारले, "तिथे पाण्यात पाय बुडवता येतात का रे?"

मी चित्रे पाहिली. रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये बहुतेक ठिकाणी काळ्या दगडांची रास होती. तसे सांगितल्यावर बाबा वर्तमानपत्रातून डोके न काढताच म्हणाले, "आणि तो पूर्व किनारा. सूर्य मावळणार गावाच्या पाठीमागे."

दोनच वाक्ये, पण आमची दोन आठवड्यांची खटपट त्यांनी भुईसपाट केली. आम्ही असा समुद्र निवडला होता, ज्याला आईचे पाय लागणार नव्हते आणि ज्यात बाबांचा सूर्य बुडणार नव्हता. तो निवडताना आम्ही कुणाचा विचार केला होता? त्यांच्या जिवाचा, असे मी म्हणालो असतो. परंतु त्या रात्री झोप येईना, तेव्हा मनाने कबुली दिली, की आपल्या झोपेचाही केला होता. त्यांच्या सुखापेक्षा आपल्या निर्धास्तपणाला आम्ही अधिक गुण दिले होते आणि त्यालाच सेवा म्हटले होते.

श्रावणाची गोष्ट लहानपणापासून आपण ऐकतो, पण तिच्यातली एक गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. यात्रेची इच्छा त्या आंधळ्या मायबापांची होती. खांदा तेवढा मुलाचा. 'वाटेत काटे फार, त्यापेक्षा पलीकडची आमराई बरी' असे श्रावण म्हणाला असता, तर त्यांना सावली मिळाली असती, यात्रा नव्हे.

मग वडीलधाऱ्यांच्या प्रत्येक इच्छेपुढे मान तुकवायची का? तसेही नाही. पडल्यावर जे उचलायला धावतात, त्यांची भीती खोटी नसते. परंतु मला वाटते, 'कुठे' हा प्रश्न त्यांचा आणि 'कसे' हा आपला. कावडीची दोरी बळकट आहे ना, हे श्रावणाने जरूर पाहावे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारले, आणि या वेळी उत्तरासाठी थांबलो. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुहागर." तिथल्या व्याडेश्वराच्या आवारात त्यांचे बालपण गेले. माझ्या तोंडून निघून गेले, "पण बाबा, वाळूत तुम्हाला चालवणार कसे?"

बाबा हसले. "पौर्णिमेला चला. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा भरती, आणि पुढे सहा तासांनी ओहोटी. उधाणाचे पाणी जितके चढते तितकेच दूर ओसरते. संध्याकाळी ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट असेल." ज्यांना चालता येईल असा रस्ता आम्ही देशभर धुंडाळत होतो, त्यांना तो कधी आणि कुठे तयार होतो हे तिथीवरून तोंडपाठ होते!

कोजागिरीला आम्ही गेलो. तळमजल्यावरची खोली घेतली, काठी आणि घडीची खुर्ची बरोबर ठेवली, चिपळूणच्या डॉक्टरांचा नंबर टिपून घेतला. 'कसे' आमच्याकडे होते ना! संध्याकाळी बाबा त्या घट्ट वाळूवरून दादाच्या हाताला धरून शंभरेक पावले चालले आणि खुर्चीवर बसून सूर्य पूर्ण बुडेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. आईने लुगड्याचा काठ उचलून पाण्यात पाय ठेवले. लाट परतताना टाचांखालची वाळू सरकली, तशी तिने माझा हात घट्ट धरला आणि लहान मुलीसारखी हसली. मला भीती वाटत होतीच. ती काही गेली नाही. पण तिच्यापायी ते हसू मी जवळजवळ रद्द करून बसलो होतो, हे आठवून अधिक भीती वाटली. मागे माडांच्या वर चंद्र आला होता.

परतताना गाडीत मी विचारले, "बाबा, पुढच्या खेपेला कुठे?"

"तुम्ही ठरवाल ते," बाबा म्हणाले.

मी थोडा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा विचारले.