'तसं काही मनात नव्हतं' (गीता, अध्याय १८, श्लोक २५)



काल राजस कर्म झालं, आज तामस. श्लोकाचा अर्थ थोडक्यात असा: अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टींकडे न बघता, मोहापोटी जे कर्म सुरू केलं जातं ते तामस. म्हणजे पुढे काय होईल, काय खर्ची पडेल, कुणाला इजा होईल आणि हे आपल्याला झेपणार आहे का, यातलं काहीच न बघता हात घालणं.

तामस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कुणीतरी दुष्ट, व्यसनी, सूड उगवणारा माणूस येतो. या श्लोकात तो कुठेच नाही. इथे हिंसा 'हवी' असं म्हटलेलं नाही, ती 'बघितली नाही' एवढंच म्हटलंय. ज्याच्या मनात वाईट नव्हतं, तोही या श्लोकात बसतो. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आपल्यातले बहुतेक जण तिथेच बसतील.

आज उदाहरण शर्यतीचं घेतोय. परदेशात, विशेषतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका या भागांत 'हार्नेस रेसिंग' नावाचा प्रकार आहे. घोड्याच्या मागे दोन चाकांची अगदी हलकी गाडी असते आणि तिच्यावर बसलेला ड्रायव्हर लगाम धरून घोडा हाकतो. आठ-दहा गाड्या एकमेकींना खेटून पळतात. कुणी पुरेशी जागा नसताना आत घुसला आणि दुसऱ्याचा घोडा अडखळला, तर शर्यतीनंतर पंच, म्हणजे तिथले स्टुअर्ड, चौकशी लावतात. ड्रायव्हरला समोर बसवतात, शर्यतीचं चित्रीकरण पुन्हा पुन्हा दाखवतात, त्याचं म्हणणं ऐकतात. आरोपाचं नाव असतं निष्काळजीपणे गाडी हाकणं. सिद्ध झालं तर काही दिवस किंवा काही आठवडे त्याला गाडीवर बसता येत नाही. आपल्या मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरही जॉकींच्या अशा चौकश्या होतात.

अशा चौकशीत साहजिकच येणारं वाक्य म्हणजे 'तसं काही माझ्या मनात नव्हतं.' आणि पंच ते बहुधा मान्यही करतात. मनात असतं तर आरोपच वेगळा, जास्त गंभीर लागला असता. निष्काळजीपणाच्या आरोपात हेतू विचारलाच जात नाही. विचारतात ते वेगळंच: आत वळण्याआधी तू बाजूला पाहिलंस का? जागा होती का? नव्हती, तर लगाम का खेचला नाहीस? गीतेचा श्लोक बरोबर हेच विचारतो. 'तू पाहिलंस का?'

आता जुन्नर-आंबेगावकडे येऊ. तिकडचे वाचक म्हणतील, आमच्याकडे शर्यत म्हणजे बैलगाडा, आणि आमच्या गाड्यावर ड्रायव्हर असतोच कुठे? खरं आहे. साताऱ्या-सांगलीकडे दोन बैलांच्या गाडीवर हाकणारा असतो. पण जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळच्या घाटात चार बैल जुंपतात, धुरेला एक जोडी आणि जुकाटाला एक, आणि गाडा रिकामाच पळतो. पुढे घोडी आणि घोडीवर स्वार. खाली माणसं बैलांना धरून उभी असतात, निशाण पडलं की सोडतात, आणि चढाचा तो सरळ घाट बैल काही सेकंदांत पार करतात. एकेक बारी वेगवेगळी सुटते आणि वेळ घड्याळावर मोजतात, सेकंदाच्या अंशापर्यंत. (ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांना एवढ्याशा सेकंदांसाठी वर्षभर खुराक, सराव आणि जागरण का, हे समजावणं अवघड आहे. मी प्रयत्न करणार नाही.)

मग बैल गर्दीत घुसला, घोडी पडली, एखाद्याचा पाय मोडला, तर निष्काळजीपणे हाकलं कुणी? लगाम कुणाच्या हातात नव्हताच. मालक म्हणेल, मी तर वर उभा होतो. सोडणारा म्हणेल, माझं काम सोडण्यापुरतं. स्वार म्हणेल, मी पुढे होतो, मागचं मला काय दिसणार? कमिटी म्हणेल, लोकांना सांगून सांगून घसा बसला, ऐकतच नाहीत. आणि शेवटी सगळे मिळून म्हणतील, होणारं होऊन जातं, देवाची मर्जी.

इथे याच अध्यायातला चौदावा श्लोक आठवा. कुठल्याही कर्माची पाच कारणं: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. हा श्लोक अनेकदा जबाबदारी पातळ करायला वापरतात. पाच जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते, असा हिशोब. मला तो उलटा वाटतो. ही चौकशीची यादी आहे. अधिष्ठानाचा अर्थ भाष्यकार शरीर असा घेतात, मी इथे मोकळेपणाने घाट घेतो: दोन्ही बाजूंना कठडे होते का, वरच्या टोकाला बैल थांबायला मोकळी जागा होती का? कर्ता: कुणी जुंपलं, कुणी सोडलं? साधनं: दोर, जू, चाक कुणी तपासलं? हालचाली: घाटात माणसं असताना निशाण पडलंच कसं? एवढं सगळं विचारून झाल्यावर जे उरेल ते दैव. दैव यादीत पाचवं आहे. आपण त्याला पहिलं करतो आणि बाकीचे चार कागद उघडतच नाही.

या शर्यतींची एक फार मोठी सुनावणी आधीच होऊन गेली आहे, हेही विसरायला नको. केंद्र सरकारने २०११ साली खेळासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूसोबत आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तो उच्च न्यायालयात अडकला, १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं या गावांना खरंच जड गेली. पळणारा बैल दावणीला ठेवून त्याला तसाच पोसणं सोपं नसतं, आणि ज्यांनी पोसला त्यांच्या प्रेमाबद्दल शंका घ्यायचं मला काही कारण नाही.

पण त्या वर्षांत एक वाक्य फार ऐकू आलं, 'आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखा जपतो, आम्ही त्याला त्रास कसा देऊ?' हे वाक्य खोटं नाही. मात्र ते 'मनात नव्हतं' याचंच सख्खं भावंड आहे. प्रेम हे हेतूबद्दलचं उत्तर झालं. प्रश्न होता, पाहिलं का? २०१४ च्या निकालात जल्लिकट्टूच्या निरीक्षणांतून शेपूट पिरगाळणं, चावणं, टोचणं यांची वर्णनं आली आहेत. ती करणारे सगळे बैलाचा द्वेष करत होते असं मला वाटत नाही. त्या क्षणी त्यांना बैल दिसत नव्हता, समोरचा खेळ दिसत होता. श्लोकातला 'मोह' हा शब्द इथे अगदी चपखल बसतो.

घटनापीठानेही शर्यत चांगली की वाईट यावर कविता केली नाही. नवे नियम पाळले तर प्राण्याच्या वेदना बऱ्याच कमी होतात, हे त्यांनी मान्य केलं आणि नियम काटेकोर पाळले जातील याची जबाबदारी जिल्हाधिकारी आणि सक्षम अधिकाऱ्यांवर टाकली. धाव १००० मीटरपेक्षा जास्त नको. काठी, चाबूक, विजेचा झटका नको. आयोजकांची ५०,००० रुपयांची अनामत. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. थोडक्यात, ज्या गाड्यावर हाकणारा नाही, त्याला कायद्याने बरेच हाकणारे नेमून दिले.

श्लोकातल्या चार शब्दांपैकी शेवटचा, पौरुष, मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घाटात हा शब्द फार आवडता आहे, पण श्लोकात त्याचा अर्थ मर्दानगी असा नाही. शंकराचार्य इथे साधा अर्थ घेतात: हे काम शेवटपर्यंत पार पाडण्याचं सामर्थ्य माझ्यात आहे का? चार बैल आणि एक घोडी सुटल्यावर मला ती थांबवता येतील का? नाही येणार, कुणालाच नाही. याचा अर्थ सगळी काळजी सोडायच्या आधीच घ्यावी लागणार. हार्नेस रेसिंगच्या ड्रायव्हरला चूक सुधारायला निदान लगाम असतो. आपल्या घाटात निशाण पडल्यानंतर सुधारायला काहीच नसतं. म्हणून मला वाटतं, हाकणारा नसलेल्या गाड्याची जबाबदारी हाकणाऱ्या गाडीपेक्षा जास्त आहे.

आमच्या आयटीमध्ये एक चांगली पद्धत आहे. सिस्टिम पडली की नंतर बसून कारणं शोधायची, पण कुणाला दोष द्यायचा नाही. भीती नसली की लोक खरं सांगतात. पद्धत मला पटते, आणि पाच कारणांच्या यादीशी ती जुळतेही. तरी ती घाटात जशीच्या तशी नेता येणार नाही. सर्व्हरला वेदना होत नाहीत. बैलाला होतात, आणि तो मीटिंगला येऊन सांगू शकत नाही. तिथे दोन गोष्टी शेजारी शेजारी हव्यात. काय झालं ते मोकळेपणाने सांगता यायला हवं, आणि ज्याने पाहिलं नाही त्याच्या हातून काही काळ दोर काढूनही घेतला पाहिजे. ही शिक्षा सूड म्हणून नको. पुढच्या बारीला जुंपला जाणारा बैल वेगळा असतो, त्याच्यासाठी ती हवी.

आता आपल्या भक्तमंडळींचा नेहमीचा आक्षेप. 'सगळं करणारा पांडुरंग, मी कोण?' सोळाव्या-सतराव्या श्लोकाचा आधारही देता येतो: मीच एकटा कर्ता असं समजणारा नीट पाहत नाही, आणि ज्याला 'मी केलं' हा भावच नाही त्याला कर्म बांधत नाही. अगदी मान्य. फक्त एक तपासा. 'घाटाचा राजा' ठरल्यावर फेटा कोण बांधून घेतो? ट्रॉलीवर गुलाल कुणावर पडतो? बॅनरवर फोटो कुणाचा? बक्षीस माझं आणि अपघात पांडुरंगाचा, हे अकर्तेपण त्या श्लोकात कुठेही नाही. ज्याने गुलाल घेतला त्याने कर्तेपण घेतलं, आणि मग चौकशीलाही त्यानेच यायचं.

नवसाचं थोडं वेगळं आहे. आंबेगाव तालुक्यात नागापूरला थापलिंगाच्या गडावर पौष पौर्णिमेला खंडोबाची यात्रा भरते आणि नवसाचे गाडे पळतात. तिथे बक्षिसापेक्षा देणं फेडणं मोठं असतं. मूल झालं, आजार बरा झाला, शेत पिकलं, म्हणून गाडा. या श्रद्धेसमोर मी वाद घालत नाही. मात्र नवस बोलतो माणूस आणि फेडायला पळतो बैल, एवढं लक्षात ठेवलं तर त्या दिवशी त्याच्याकडे जास्त बारकाईने पाहिलं जाईल.

आणि याच मुलखात, जुन्नर तालुक्यात आळेफाट्याजवळ आळे गावात, ज्ञानेश्वर माउलींच्या रेड्याची समाधी आहे. पैठणला वेद बोललेला तो रेडा परतीच्या वाटेवर इथे थांबला, असं परंपरा सांगते. वेद बोलल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. त्याच गोष्टीचा एक भाग जरा कमी सांगितला जातो: आसूड रेड्याच्या पाठीवर बसला आणि वळ माउलींच्या पाठीवर उठले. चमत्कार बाजूला ठेवला तरी यात एक बघणं आहे. आसूड मारणाऱ्याला जनावर दिसत होतं, माउलींना तिथे आपल्यासारखंच कुणीतरी दिसत होतं.

आपल्यापैकी बरेच जण पुण्यात, हिंजवडीत, कुणी बंगळुरूत बसून गावच्या यात्रेची वर्गणी मोबाईलवरून पाठवतात. मीही पाठवतो. घाटात उभे नसलो तरी त्या पाच कारणांत आपण आहोत, साधनांच्या खात्यात. तेव्हा या वर्षी पैसे पाठवताना कमिटीतल्या आपल्या भावाला किंवा मामाला फोन करून विचारा: कठडे कुठपर्यंत आहेत? वर बैल थांबायला जागा किती सोडली आहे? जनावरांचा डॉक्टर दिवसभर असणार की फक्त सकाळी उद्घाटनाला? 'तू शहरात राहून आम्हाला शिकवू नकोस' असं उत्तर येण्याची शक्यता बरीच आहे. मग कठड्यांचा खर्च माझ्याकडून, असं म्हणून बघा.

उद्या श्लोक २६, सात्त्विक कर्ता. राम कृष्ण हरी.