विटेएवढी जागा

वारी म्हणजे नुसते जाणे नव्हे. जाणे, परत येणे आणि नेमाने पुन्हा जाणे, याला वारी म्हणतात. एकदा पंढरी पाहून आला तो यात्रेकरू. ज्याचा नेम मोडत नाही तो वारकरी. हा अर्थ मनात धरून चैत्राच्या सुमारास सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या तळ्याकाठी उभे राहावे. माणसांची चैत्री वारी पंढरीकडे निघालेली असते, त्याच दिवसांत दुसरी एक वारी उत्तरेकडे परतत असते. ती पाखरांची.

ही मंडळी येतात केव्हा? कार्तिकीच्या पुढेमागे. आणि जातात केव्हा? चैत्रीच्या पुढेमागे. कोणी महिनाभर आधी, कोणी थोडे उशिरा. पण मोसम ठरलेला. सोलापूरजवळ हिप्परग्याचा तलाव आहे, त्यालाच एकरुखचा तलाव म्हणतात. तो १८७१ साली बांधून झाला. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याच्या पाठीमागे मोठा जलाशय पसरला. नान्नजचे माळरान तर माळढोकामुळे सर्वांना ठाऊक आहे. या ठिकाणी हिवाळाभर परदेशची बदके, चक्रवाक, तुतवार, धोबी, भोवत्या असे कितीतरी पाहुणे मुक्कामाला असतात. होळी झाली, ऊन तापू लागले, की थव्यामागून थवे उठतात. कालपर्यंत गजबजलेले पाणी एके सकाळी रिकामे दिसते.

यांतला एक वारकरी पाहा. पट्टकादंब त्याचे नाव. कोठे कोठे त्याला राजहंसही म्हणतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे, जणू बुक्क्याची दोन बोटे ओढली आहेत. त्याचे घर तिबेट आणि मंगोलियाच्या बाजूला, उंचावरच्या सरोवरांकाठी. तेथून येथे यायचे आणि येथून तेथे जायचे, म्हणजे दर वर्षी दोनदा हिमालय ओलांडायचा. तेथली हवा इतकी विरळ की माणसाला चार पावले चालताना धाप लागते. त्या हवेतला थोडासा प्राणवायूही धरून ठेवील असे रक्त देवाने या पाखराला दिले आहे.

पण खरी गंमत पुढेच आहे. आम्हांला वाटेल, हा पक्षी एकदा उंच चढत असेल आणि तसाच उंचावरून सरळ निघून जात असेल. शास्त्रज्ञांनी या पाखरांच्या अंगात लहान यंत्रे बसवून पाहिले, आणि २०१५ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हा पक्षी डोंगर आला की चढतो, दरी आली की पुन्हा खाली उतरतो, आणि पुढचा डोंगर आला की पुन्हा चढतो. मिळवलेली उंची तो सोडून देतो! का? तर खालच्या दाट हवेत पंखांना कष्ट कमी पडतात. उंचीला चिकटून राहण्यापेक्षा उतरून पुन्हा चढणे त्याला स्वस्त पडते. आता आपल्याकडे बघा. दोन वाऱ्या जास्त झाल्या की तिसऱ्याच्या पायावर डोके ठेवायला आमची मान वाकत नाही. मिळालेली उंची सोडवत नाही. आमच्या संप्रदायात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, ते उगीच नव्हे. जो उतरू जाणतो त्याचीच वाट सरते.

कोणी म्हणेल, "बुवा, पाखराला कसला आला नेम? ते पोटासाठी येते आणि पोटासाठी जाते." बरोबर आहे. पण जेथे पोट भरते तेथून वेळेवर उठणे, हे आम्हांला तरी कोठे जमते? चैत्रात दिवस मोठा होऊ लागला की पाखराच्या शरीराला आतून खूण पटते. ते भरपूर खाऊ लागते, अंगावर चरबी साठवते. ती चरबी हीच त्याच्या वाटेची शिदोरी. पंखांना पेलेल तेवढीच घ्यायची, एक गुंजही जास्त नाही, आणि निघायचे. तळे माझे, शेत माझे, असे म्हणून कोणी मागे रेंगाळत नाही. संसारात राहून पाय मोकळा ठेवावा असे आम्ही कीर्तनात ऐकतो. त्याचा हा डोळ्यांपुढचा दाखला.

आता दुसरी मंडळी, भोरड्या. गुलाबी अंग, काळे डोके, काळे पंख. पळस आणि पांगारा फुलला की फुलाफुलांत चोच घालून मध पितात, आणि जाता जाता या फुलाचे पराग त्या फुलाला पोचवतात. जाण्याच्या आधी संध्याकाळी त्यांचे हजारोंचे थवे आकाशात असे वळतात, की टाळावर पावली खेळणारी दिंडी आठवावी. एकाचा धक्का दुसऱ्याला नाही. परंतु याच भोरड्या ज्वारीच्या कणसांवर उतरतात, आणि शेतकऱ्याला माळ्यावर चढून गोफण फिरवावी लागते. मंगळवेढ्याकडची शाळू ज्वारी म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षाची भाकरी. ती राखू नये असे कोण म्हणेल? गोफण फिरवावी, डबा वाजवावा, पाखरू हाकलावे. मात्र त्याच्यासाठी जाळे लावू नये, विष ठेवू नये. कारण हीच भोरडी नाकतोडे आणि टोळ मटकावते, आणि मध्य आशियात आपल्या घरी गेली म्हणजे पिल्लांनाही तेच भरवते. दाणे खाल्लेले आम्हांला दिसतात. कीड खाल्लेली दिसत नाही.

तुकोबारायांची गोष्ट चरित्रकार सांगतात. त्यांना शेत राखायला बसवले, तर त्यांनी पाखरांना हाकलले नाही, खाऊ दिले. आणि मोजायला घेतले तेव्हा धान्य वाढूनच भरले. आपण तुकोबा नव्हे. आपले शेत आपण राखू. पण मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्यांसाठी कोठार उघडले, हेही त्याच मातीतले आहे. सगळे कोठार उघडण्याचे धैर्य नसेल तर बांधावरचे एक झाड तरी पाखरांसाठी राखावे.

आणि येथे आम्हांला मुख्य गोष्ट बोलायची आहे. आषाढीला आपण वाटसरू असतो. वाटेवरची गावे पाणी देतात, भाकरी देतात, देवळाच्या ओवरीत पथारी टाकू देतात. एखाद्या गावाने दार लावले, विहिरीवर झाकण घातले, तर वारीचे काय होईल? कार्तिकापासून चैत्रापर्यंत मात्र उलटे असते. वारकरी ती पाखरे, आणि मुक्कामाचे गाव आपण. हजारो कोस आलेल्याचा नेम मोडायला एका गावाचा निष्काळजीपणा पुरतो.

पुंडलीकाने देवाला काय दिले? महाल नाही, सिंहासन नाही. आईबापांची सेवा चालली होती, हात रिकामा नव्हता. त्याने उभे राहायला एक वीट भिरकावली. देव त्याच विटेवर उभा आहे. पाहुण्याला किती लागते, याचे माप पुंडलीकाने घालून दिले आहे. पाखरेही आपल्याजवळ विटेएवढीच जागा मागतात. तुतवाराला काय हवे? उजनीचे पाणी ओसरले की उघडी पडणारी चार बोटे चिखलाची पट्टी. रोहित पक्ष्याला काय हवे? गुडघाभर उथळ पाणी. माळावरचा भोवत्या तर झाडावरही झोपत नाही. रात्री तो जमिनीवर गवतातच बसतो. त्याची वीट म्हणजे गवताचा एक झुबका.

आणि आपण काय करतो? उन्हाळा आला की माळ पेटवून देतो, म्हणजे नवे गवत चांगले येईल! तळ्याच्या काठी निर्माल्य टाकतो, तेही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. जुनी जाळी पाण्यात तशीच सोडतो. पाय अडकलेले पाखरू तेथेच फडफडून मरते. होडीतून फरसाण उधळतो आणि त्याला अन्नदान म्हणतो. मोबाईलवर चित्र घ्यायला बसलेला थवा मुद्दाम उठवतो. एकदा थवा उठला म्हणजे शिदोरीतले थोडे सांडले. दिवसात दहा वेळा उठवले तर हिमालयाच्या पायथ्याशी ती शिदोरी पुरेल काय? हा हिशोब कोणाच्या खात्यावर लिहिला जाईल?

"आम्ही नामस्मरण करतो, मग याच्याशी आमचा काय संबंध?" असे विचारणारेही भेटतील. जनाबाईंनी विठाईच्या मायेला दृष्टांत दिला तो चाऱ्यासाठी दूर जाणाऱ्या पाखराचाच. मारुती चितमपल्ली याच सोलापुरात १९३२ साली जन्मले. वनखात्याच्या नोकरीत त्यांचे आयुष्य अरण्यात गेले, त्यांनी मराठीला पक्षीकोश दिला, आणि २०२५ साली सोलापुरातच देह ठेवला. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव जनाबाईंच्या त्याच अभंगातून आले आहे. संतांनी पाखरू पाहिले ते देवाकडे बोट दाखवायला. या माणसाने संतांचे बोट धरून पाखरू पाहिले. वाट एकच.

माढा तालुक्यातल्या अरणचे सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. आपल्या वाफ्यात काम करीत राहिले. म्हणून आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. आपल्या जागी राहून जो सेवा करतो, त्याच्याकडे देव चालत येतो. मग दूरदेशाहून पंखांनी कोणी आले, तर त्याच्यात पांडुरंग नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तेव्हा माउलींनो, या चैत्री वारीला येताना एवढे करा. चंद्रभागेत आणि वाटेवरच्या तळ्यांत निर्माल्य टाकू नका. घरच्या झाडाच्या बुंध्याशी मातीत घाला. माळाला काडी लावणारा दिसला तर हात जोडून त्याला थांबवा. अंगणात सावलीला पाण्याचे एक पसरट भांडे ठेवा आणि ते रोज धुवा. पाण्यावर थवा बसलेला दिसला तर लांबूनच नमस्कार करा. बसल्याला उठवू नका. आणि जाणाऱ्या थव्याकडे पाहून मनात म्हणा, "सुखरूप जा. कार्तिकीला या. जागा राखून ठेवतो."

असे म्हणायचे तर जागा खरोखर राखावी लागेल. आपल्या देवाला विटेवरून हलवण्याची कल्पनाही आपल्याला सोसत नाही. पाखरांच्या पायांखालची वीट काढून घेणारे हात आपले नसोत, एवढेच विठ्ठलचरणी मागणे आहे.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!