मातीआड जाणारें काम

भिंतीचा गिलावा वाईट असला तर तो डोळ्यांस दिसतो. पाया मात्र मातीनें झांकला कीं मालकाजवळ गवंड्याच्या शब्दाखेरीज कांहीं उरत नाहीं. मग विश्वास म्हणजे डोळे मिटणें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. इंग्लंडांतील विंचेस्टर येथील कॅथीड्रलचा पाया खचूं लागला तेव्हां विल्यम वॉकर हा पाणबुड्या १९०६ पासून १९११ पर्यंत गढूळ पाण्याच्या काळोखांत चांचपत काँक्रीटच्या गोण्या रचीत होता. तरीही इंजिनीयर फ्रान्सिस फॉक्स स्वतः पाणबुड्याचा पोशाख चढवून तें काम पाहावयास उतरले. त्यांत वॉकरचा अपमान झाला असें कोण म्हणेल? घराचा पाया दुरुस्त करावयास येणाऱ्या गवंड्यास आम्ही दरापूर्वीं एवढेंच विचारतों : चर बुजविण्याआधीं आम्हांस हांक माराल ना? आणि त्याच्या कपाळास आठी पडते कीं काय, तें पाहतों.