गाठीचे लाकूड

‘मोडेन, पण वाकणार नाही’ हे वचन आपल्याकडे मानी माणसाच्या तोंडी मोठ्या कौतुकाने घातले जाते. लाकडाच्या दृष्टीने पाहू गेल्यास मात्र त्यात अभिमान बाळगण्यासारखे फारसे काही नाही. वाकत नाही आणि शेवटी मोडते, असे लाकूड जळणाच्या मोळीत पुष्कळ सापडते. दुर्मिळ असते ते वाकूनही न मोडणारे आणि सोडताच पूर्ववत होणारे लाकूड. धनुष्य होते ते त्याचेच. असा दांडा ओंडक्यातून कसा काढतात हे पाहू लागले असता शिक्षण, संस्कार आणि सुधारणा यांविषयीचा एक जुना प्रश्न मनापुढे उभा राहतो : दुसऱ्याला घडवू पाहणाऱ्याने त्याच्या स्वभावास कोठवर अनुसरावे, आणि त्याच्याविरुद्ध जाण्याचा अधिकार त्यास केव्हा प्राप्त होतो?

भिवंडीच्या उत्तरेस वज्रेश्वरी आणि तेथून पुढे वाडा-जव्हारकडे जे रान लागते, त्यात साग, ऐन, खैर यांच्या सोबतीला धामण आढळते. हिचे लाकूड चिवट व लवचिक असल्यामुळे कावडीच्या दांड्यासाठी आणि धनुष्यासाठी ते नावाजलेले आहे. संस्कृतात या झाडास धन्वन म्हणतात, आणि धन्वन् या शब्दाचा एक अर्थच धनुष्य असा आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात धनुष्याची द्रव्ये सांगताना ताड, वेळू, लाकूड व शिंग अशी चार गणली आहेत. आपल्याकडील वनवासी लोकांनी पुष्कळ करून वेळूच पसंत केला. भिल्लांच्या धनुष्याची तर दोरीही वेळूचीच असते. याचे कारण उघड आहे. वेळूचे तंतू सरळ धावतात आणि पाते लावताच तो लांबवर उभा फुटतो. झाडाच्या ओंडक्याचे तसे नाही. त्यात गाठ असते.

गाठ म्हणजे फांदीचे बूड. खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते तेव्हा ते हे बूड आपल्या पोटात घेते, आणि खोडाचे तंतू त्याला वळसा घालून पुढे जातात. अशा ओंडक्यातून दांडे काढण्याचे मार्ग दोन. पहिला करवतीचा. करवत आखलेल्या रेघेवरून चालते. तंतू कोणीकडे वळले आहेत याची ती चौकशी करीत नाही. तिच्यातून निघालेला दांडा दिसण्यात निर्दोष सरळ असतो. परंतु ठिकठिकाणी त्याचे तंतू छेदले गेलेले असतात, आणि पुरता ताण बसताच तेथेच कपची उडून तो मोडतो. दुसरा मार्ग पाचरीचा. टोकाशी असलेल्या चिरेत पाचर ठोकावी, आणि फट उघडेल तसतशी दुसरी, तिसरी पाचर पुढे बसवीत जावे. फट तंतूंच्या मधून आपली वाट काढते. आडवे अडकलेले चिवट धागे तेवढे कुऱ्हाडीने तोडावे लागतात. असा दांडा थोडा नागमोडी निघतो, पण त्याचे तंतू अखंड राहतात. पुढे तासतानाही जाणता कारागीर गाठीची जागा इतर भागाइतकी बारीक करीत नाही. तिच्याभोवती थोडे लाकूड अधिक राखतो.

आमच्या घरांतून व विद्यालयांतून करवतीचा उपयोग फार होतो, असे म्हटल्यास वाचकांनी रागावू नये. एक रेघ आखून दिलेली असते : अमुक परीक्षा, अमुक गुण, अमुक व्यवसाय. मुलाचे मन कोणीकडे वळते याची चौकशी करण्यास बापास सवड नसते व शिक्षकास आज्ञा नसते. करवतीच्या पक्षाने इतके मात्र कबूल केले पाहिजे की तिचे काम लवकर होते आणि फळ डोळ्यांना लगेच दिसते. परंतु दांड्याची परीक्षा तो सरळ दिसण्यात नाही, ताण सोसण्यात आहे; आणि तो ताण बहुधा वीस-पंचवीस वर्षांनी येतो. त्या वेळी मोडणारा मोडतो, पण करवत चालविणारा जवळ नसतो. आपल्या कृतीचे परिणाम पाहण्यास आपण हजर नसणार, हे ज्यास ठाऊक आहे त्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही, उलट वाढते.

येथे एक गंभीर आक्षेप निघतो, आणि तो टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणे’ हे तत्त्व आपल्या समाजाने शतकानुशतके ऐकले आहे, आणि त्याचा उपयोग बहुतेक वेळा एखाद्यास आहे तेथेच ठेवण्याकडे झाला आहे. अमक्या जातीत जन्मला, तेव्हा त्याचे तंतू असेच असणार. त्यास पुस्तक कशाला? आक्षेप खरा आहे, पण तो तत्त्वाला लागत नसून त्याच्या खोट्या वापराला लागतो. झाडाचे नाव कळले म्हणून त्या झाडाचा प्रत्येक ओंडका कळला असे होत नाही. सालीवरचा पीळ पाहून अंदाज बांधता येतो. निर्णय मात्र पाचर बसल्यावर, त्या एका ओंडक्यापुरताच होतो. जातीवरून स्वभाव ठरविणारा मनुष्य ओंडका न उघडताच तंतू पाहिल्याचे सोंग करतो. तोही एक प्रकारे करवतच चालवीत असतो. रेघ तेवढी जुनी असते.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. चीनमधील च्वांग-त्झू याच्या नावावरील ग्रंथात, गाठाळ व निरुपयोगी म्हणून सुताराने सोडून दिलेल्या आणि म्हणूनच दीर्घायुषी झालेल्या वृक्षाची कथा आहे. मग गाठ हाच गुण का मानू नये? अशा लाकडाचा मोठेपणा मलाही मान्य आहे. गाड्याच्या चाकाचा तुंबा करावयास सहज न फुटणारेच लाकूड लागते. म्हणून धनुष्यास अयोग्य म्हणजे अयोग्य, असा न्याय कोणी करू नये. तथापि गाठीचे स्तोत्र गाण्यातही अर्थ नाही. मनुष्याच्या कित्येक गाठी दारिद्र्याच्या, अपमानाच्या व उपासमारीच्या असतात. त्या ताणाखाली दुबळ्या ठरतात हे सत्य आहे, आणि त्यांचे कौतुक करणारा बहुधा त्या स्वतः भोगीत नसतो. गाठ लपवू नये, तोडू नये, मिरवूही नये. तिच्याभोवती लाकूड अधिक राखावे.

हे व्यवहारात शक्य आहे काय? जुन्या ठाणे जिल्ह्यातच याचे उत्तर मिळते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, कारण त्यांना गुरे राखावी लागत. तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. बालशिक्षणाची महाग साधने बाजूस ठेवून पाने, बिया, खडे, शंखशिंपले यांवर त्यांनी काम भागविले. मुलांना शिकविण्याचा हेतू त्यांनी तिळभरही सोडला नाही. पाचर बसवावयाची जागा मात्र मुलांच्या आयुष्यात शोधली.

लाकूड फोडणाऱ्यांच्या अनुभवातील एक गोष्ट येथे फार उपयोगी आहे. फट मध्यावरून सरकून एक फाक पातळ व दुसरी जाड होऊ लागली, तर अडाणी मनुष्य पातळ फाकेवर जोर करतो. ती अधिकच पातळ होऊन तुटते. जाणता मनुष्य जाड फाकेला वाकवितो, आणि फट तिच्याकडे वळून पुन्हा मध्यावर येते. बाप व मुलगा, गुरू व शिष्य, शासन व वाडीवरील कातकरी यांच्यामधली फट जेव्हा भलतीकडे जाऊ लागते, तेव्हा आपण नेहमी पातळ बाजूलाच वाकावयास सांगतो, कारण तीच सहज वाकते. कोसबाडला जाड बाजू वाकली. घडविण्याचा अधिकार कोणास, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे : ज्याच्या हाती अधिक बळ आहे आणि जो आधी स्वतः वाकण्यास तयार आहे, त्यास.