समोरचा मुलगा

एका राज्याची निवडक मुले दुसऱ्या राज्याच्या निवडक मुलांशी खेळू लागतात, तेव्हा त्या खेळात नेमके कोण उतरलेले असते? मुले, की त्यांच्या छातीवर ज्यांचे नाव आहे ती राज्ये? अमेरिकेत शेजारच्या दोन राज्यांतील शाळकरी फुटबॉलपटूंमधून वेचक खेळाडू निवडून त्यांचा दरवर्षी एक सामना भरविण्याची प्रथा आहे. आपल्याकडे तो मान क्रिकेटने पटकावला. कूचबिहार करंडकाची स्पर्धा 1945-46 च्या मोसमात शालेय मुलांसाठी सुरू झाली. आज ती 19 वर्षांखालील मुलांची स्पर्धा आहे आणि राज्याराज्यांचे संघ तीत उतरतात. मिसरूड फुटण्याच्या वयातील मुलाच्या अंगावर साऱ्या राज्याचे नाव चढविले जाते. ते ओझे त्याच्यावर घालण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावा असे आम्हांस वाटते.

मावळात बसून या प्रश्नाचा विचार करणे सोयीचे आहे. लोणावळा घाटमाथ्यावर आहे. खाली मुंबईची वाट, मागे पुण्याची. मावळ तालुक्यातच गहुंजे येथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मोठे क्रीडांगण 2012 साली सुरू झाले. मुंबई हे महाराष्ट्राचे राजधानीचे शहर. पण क्रिकेटमध्ये ‘मुंबई’ आणि ‘महाराष्ट्र’ हे एकमेकांचे जुने प्रतिस्पर्धी आहेत. विदर्भाचा संघ आणखी तिसरा. मावळातला मुलगा पुणे जिल्ह्याचा म्हणून ‘महाराष्ट्रा’कडून खेळणार आणि घाट उतरून मुंबईला गेला की तेथल्या आपल्या आतेभावाला बाद करणार! शिवाय हा ‘महाराष्ट्र’ संघ महाराष्ट्र राज्याहून वयाने मोठा आहे. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली त्याने 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. राज्य स्थापन झाले ते 1 मे 1960 रोजी. छातीवरचे नाव काही सृष्टीच्या आरंभी ठरलेले नसते, एवढे यावरून कळावे.

आपल्या ख्रिस्ती समाजाला अभिमान वाटावा अशा विजय हजारे यांचे उदाहरण पाहा. 1939-40 च्या मोसमात त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा काढल्या, आणि पुढे ते त्याच बडोद्याचे आधारस्तंभ झाले. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत तर धर्मावर संघ पडत. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन यांचे आपापले संघ आणि उरलेल्यांचा ‘इतर’ नावाचा संघ; हजारे त्या ‘इतरां’त. 1943-44 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. जुन्या पिढीतील आपली मंडळी हा आकडा सांगताना अजून ताठ बसत, हे आम्ही पाहिले आहे, आणि त्यांचा तो ताठा आम्हांस मुळीच वाईट वाटला नाही. गांधीजींनी मात्र 1940 च्या डिसेंबरात या सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली. महाविद्यालयांनी, संस्थांनी एकमेकांशी खेळावे हे त्यांना समजत होते. धर्माधर्मांचे संघ कशासाठी, हे समजत नव्हते. 1946 साली ते सामने बंद पडले. गांधीजींचा आक्षेप चुरशीला नव्हता, चुरस कोणत्या भिंतीवर उभी आहे याला होता.

मग राज्याचा अभिमान हीही तशीच भिंत समजावी काय? आमचे मत तसे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आईवडिलांविषयीची आणि मायभूमीविषयीची निष्ठा एकाच सद्गुणात बसविली आहे. प्रेमालाही क्रम असतो, जवळच्यांवर अधिक प्रेम करणे हा दोष नव्हे, असेही ते मानतात. ज्याला खेळ आणि विनोद अजिबातच सोसत नाही, त्या मनुष्यालाही या संताने दोषी ठरविले आहे. आमच्या काही अतिगंभीर धर्मबंधूंनी हे ध्यानात घ्यावे. तेव्हा महाराष्ट्राच्या मुलांनी कर्नाटकाच्या मुलांवर मात करावी असे वाटण्यात पाप नाही. पण प्रेमाला क्रम असला तरी न्यायाला तो नसतो. आपल्या मुलाला आपण जास्त प्रेम देऊ. समोरच्या मुलाला न्याय मात्र रतीभरही कमी देता येणार नाही. या विषयातील सारी अडचण येथेच आहे, कारण समोरचा मुलगा आपल्याला दिसत नाही. दिसते ती त्याची जर्सी.

निवडीची पद्धत जरा बारकाईने पाहिली तर ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ ही रेघ किती हलती आहे हे उमगते. लोणावळ्याचा मुलगा तळेगावच्या मुलाशी ईर्ष्येने खेळतो. दोघांची जिल्ह्याच्या संघात निवड होते, की ते एका बाकावर बसतात आणि कोल्हापूरशी खेळतात. कोल्हापूरचे दोघे-तिघे राज्याच्या संघात आले की तेही आपले होतात. 1999 च्या डिसेंबरात कूचबिहार करंडकाचा अंतिम सामना जमशेदपूरला झाला. बिहारने 357 धावा केल्या. त्यांत महेंद्रसिंग धोनी या मुलाच्या 84 होत्या. पंजाबने 839 धावांचा डोंगर रचला आणि त्यांच्या एकट्या युवराज सिंगने 358 काढल्या, म्हणजे बिहारच्या साऱ्या संघाहून एक अधिक. त्या दिवशी मैदान सोडताना बिहारच्या मुलांच्या मनात काय आले असेल? वर्षभरात झारखंड वेगळे झाले आणि जमशेदपूर बिहारात राहिलेच नाही. 2 एप्रिल 2011 रोजी वानखेडे मैदानावर धोनीने विश्वचषक जिंकून देणारा षटकार मारला, तेव्हा दुसऱ्या टोकाला युवराज उभा होता. जमशेदपूरला समोरच्याचा द्वेष करायला शिकविलेला मुलगा तेथे काय करणार होता?

द्वेष मुले आपण होऊन क्वचितच शिकतात. भाषा मोठ्यांची असते. मावळच्या भूमीत युद्धाच्या शब्दांना तोटा नाही. लोहगड-विसापूर डोळ्यांसमोर आहेत, वडगावला जानेवारी 1779 मध्ये इंग्रजांच्या फौजेला मराठ्यांपुढे नमते घेऊन तह करावा लागला. हा वारसा थोर आहे. पण बक्षीस समारंभात एखादा पाहुणा समोरच्या राज्यातील सोळा वर्षांच्या पोरांना ‘गनीम’ म्हणतो आणि टाळ्या पडतात, तेव्हा वारशाची किंमत वाढत नाही. वडगावचा शत्रू राज्य घ्यायला आला होता. समोरचा मुलगा आपल्याबरोबर खेळायला आला आहे, आणि तो आला नाही तर खेळच नाही. मावळातील यात्रेत कुस्तीचा फड भरतो, तेथे हे अधिक चांगले समजते. डाव सुरू होण्याआधी दोघे हात मिळवतात. अंगाला माती दोघांच्याही एकाच आखाड्याची.

प्रतिस्पर्धी उठून गेला म्हणजे काय उरते, हे पुण्याने पाहिले आहे. डिसेंबर 1948 मध्ये महाराष्ट्राचा रणजी सामना काठेवाडशी होता. काठेवाडने 238 धावा केल्या होत्या. महाराष्ट्राच्या 4 बाद 826 झाल्या आणि भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद होते. ब्रॅडमनने 1930 साली न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध, म्हणजे राज्याराज्यांच्याच सामन्यात, केलेला 452 धावांचा विक्रम 9 धावांवर होता. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी डाव घोषित करा म्हटले, नाही तर सामना सोडतो म्हटले, आणि सोडला. निंबाळकर हातात बॅट घेऊन राहिले, गोलंदाजच नव्हता. त्यांना पुढे कसोटी संघातही कधी जागा मिळाली नाही. लोक ठाकूरसाहेबांना हसतात. आम्हांस वाटते, त्यांनी क्षेत्ररक्षण करणारे अकरा जण आणि समोरचा फलंदाज यांपैकी कोणाचाच विचार केला नाही, विचार केला तो संस्थानाच्या नावाचा. तो मोह काठेवाडपुरता नव्हता.

कारण त्याच मोहाची एक आवृत्ती काही वर्षांपूर्वी आमच्या दारी आली. एक गृहस्थ धर्मग्रामाच्या कार्यालयात आले. मुलगा चांगला खेळतो. 16 वर्षांखालील राज्य संघाच्या निवडीत त्याचे नाव पुढे आहे, असे त्यांना कोणी तरी सांगितले होते. पण वय बसत नव्हते. नगरपालिकेतील नोंद ‘दुरुस्त’ करून घ्यायची तर आधाराला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता.

“फादर, दोनच वर्षांचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. “आणि माझ्यासाठी थोडंच मागतोय? महाराष्ट्राचं नाव होईल.”

आम्ही नोंदवही उघडून दाखविली. जन्मवर्ष दोन वर्षांनी पुढे नेले असते तर मुलाचा बाप्तिस्मा जन्माआधीच झाला असे दिसले असते. ते हसले, आम्हीही हसलो; पण विनंती त्यांनी मागे घेतली नाही. मनगटाच्या क्ष-किरण तपासणीने हाडांचे वय पाहतात, लबाडी पकडली जाईल, असे सांगून त्यांना परत पाठविणे सोपे होते. तसे करणे आम्हांस योग्य वाटले नाही, कारण पकडले न जाण्याची खात्री असती तरी उत्तर तेच राहिले असते.

“दोन वर्षांनी कोणाचं काय बिघडणार?” असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही त्यांना दोन मुलांची आठवण करून दिली. एक येथलाच, पंधरा वर्षांचा, खऱ्या तारखेचा. त्याची जागा गेली असती आणि ती कोणामुळे गेली हे त्याला कधी कळले नसते. दुसरा गुजरातेत किंवा कर्नाटकात, ज्याने अठरा वर्षांच्या मुलाची गोलंदाजी पंधराव्या वर्षी झेलली असती आणि आपण कमी पडलो अशी समजूत करून घेतली असती. आणि तिसरा त्यांचा स्वतःचा, ज्याला राज्याच्या नावाने पहिले खोटे घरातूनच मिळाले असते. तिसऱ्याचे नाव निघताच ते गप्प झाले.

दाखला त्यांनी खऱ्या तारखेचाच नेला. मुलाची त्या वर्षी निवड झाली नाही. पुढे तो वयाच्या योग्य गटात तालुक्याकडून खेळू लागला. रविवारी सामना असला की पहिल्या मिस्साला येतो आणि किटची पिशवी शेवटच्या बाकाखाली ठेवतो.