पाणी आणि शर्यत

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाला शर्यत ठाऊक नसते. पाठीला सुका भोपळा बांधून घरातले कोणी थोरले माणूस त्याला पाण्यात ढकलते. नाकातोंडात पाणी जाते, रडे फुटते. आणि चार दिवसांनी तेच पोर जेवायला हाका मारल्या तरी वर येत नाही. पाण्यावर आपला भार निर्धास्त टाकता येतो, हा शोध त्याला लागलेला असतो. विहिरीला भिंत असते, पण शेवटची रेषा नसते. म्हणून त्या आनंदालाही माप नसते.

तेच मूल पुढे पोहण्याच्या तलावावर जाते. तेथे पन्नास मीटरांचे अंतर, दोरांनी आखलेल्या वाटा, तळाशी काळी रेघ आणि काठावर घड्याळ घेऊन उभे असलेले शिक्षक. वर्षा-दोन वर्षांत मुलाची भाषा पालटते. ‘आज मजा आली’ ऐवजी ते ‘आज अर्धा सेकंद कमी लागला’ असे म्हणू लागते. कोणी न उठवता पहाटे उठते. घरच्यांना त्याचे कौतुक वाटते. पण विचारी मनात एक शंकाही डोकावते. मुलाचे प्रेम पाण्यावरून उठून स्वतःच्या क्रमांकावर तर जडले नाही ना? स्पर्धेची ओढ हे खरोखर प्रेम आहे, की अहंकाराने घेतलेले प्रेमाचे सोंग?

शंका खोटी नाही. परंतु या शर्यतीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला पाडल्याखेरीज जिंकता येत नाही. पोहण्यात त्याला स्पर्शही करायचा नसतो. शेजारच्या वाटेतला मुलगा माझे काही हिरावून घेऊ शकत नाही. तो फक्त माझ्यातले न वापरलेले बळ मला दाखवून देतो. शिवाय पाणी दांडगाईला भीक घालत नाही. वेग दुप्पट करू गेल्यास पाण्याचा विरोध सुमारे चौपट होतो. म्हणून नुसती झोंबाझोंबी करणारा मागे राहतो आणि अंग सरळ, निमुळते ठेवून पाण्यातून निसटायला शिकतो तो पुढे जातो. शर्यतीच्या निमित्ताने मुलाला पाण्याशी अधिक नम्र व्हावे लागते. विहिरीतल्या प्रेमाला येथे शिस्त लागते. ते मरत नाही.

खरी कसोटी येते ती मापापाशी. १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरांच्या वैयक्तिक मेडले शर्यतीत स्वीडनचा गुनार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखीच भरली. मग सहस्रांश मोजले गेले आणि दोन सहस्रांश सेकंदांच्या फरकाने लार्सनला सुवर्णपदक मिळाले. तेवढ्या अवधीत पोहणारा जेमतेम तीन मिलिमीटर पुढे सरकतो; तलाव बांधताना दोन वाटांच्या लांबीत याहून अधिक फरक राहू शकतो! पुढे नियम बदलला. शतांशाच्या खाली मोजायचे नाही. वेळ सारखी आली तर मानही सारखाच. २००० साली सिडनीत पन्नास मीटरांचे सुवर्णपदक अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल या दोघांना मिळाले ते याच न्यायाने. आपल्या मापाची मर्यादा माणसाने कबूल केली, ही मला विक्रमाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

तरीही शतांश उरतोच, आणि तो निष्ठुर असतो. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये भाग घेतला तेव्हा त्याचे वय सोळा होते. २०१० साली ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत त्याने पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ नंतर पोहण्यात भारताला मिळालेले ते पहिलेच आशियाई पदक. पुढे तहसीलदाराची नोकरी आली. त्या व्यापातून तो पुन्हा पाण्याकडे वळला आणि २०१८ साली जकार्ता येथे पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचे कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. अंतराच्या भाषेत सांगायचे तर सुमारे दोन सेंटिमीटर. बोटाचे एक पेर.

‘एका शतांशाने काय होते?’ असे म्हणणे हे सांत्वन नव्हे. ती त्या माणसाच्या वर्षानुवर्षांच्या पहाटांची अवहेलना आहे. त्या शतांशाचे दुःख खरेच असते, असायलाच हवे. ज्याला त्याचे काहीच वाटत नाही त्याने शर्यतीवर प्रेम केलेच नाही. पण शतांशाला शर्यतीचा निकाल देण्याचा अधिकार आहे, प्रेमाचा निकाल देण्याचा नाही. वीरधवल त्यानंतरही पोहत राहिला. २०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेतही तो उतरला. अहंकाराला असे परतणे अवघड जाते. जेथे पराभव झाला ती जागा त्याला पुन्हा बघवत नाही. प्रेम मात्र त्याच जागी परत येते.

म्हणून एखाद्या मुलाची ही ओढ खरी की खोटी, हे पारितोषिक-समारंभात कळायचे नाही. ते हरल्यानंतरच्या पहाटे कळते. त्या पहाटे अंथरुणातून उठून थंड पाण्यात पाय सोडावासा वाटणे, हे कोणत्याही घड्याळावर उमटत नाही. ते ओळखण्याचे काम आपले, काठावर उभे असलेल्या वडीलधाऱ्यांचे आहे. आणि ‘कितवा आलास?’ हा प्रश्न आपण पहिल्याने विचारतो, तेव्हा त्या कामात आपणच उणे पडतो.